दम लागलेल्या माणसाचं घर वाचवू या

‘चांगली तर दिसायलीस की! मग जिना चढायला काय होतंय तुला?’

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे वाक्य रोज बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. जिला ते ऐकावं लागतं तिला ताप नसतो, जखम नसते, हातपाय धड असतात. पण दहा पायऱ्या चढल्या की तिला दम लागतो, ओठ निळसर पडतात, संध्याकाळी पायांवर सूज येते आणि कधी एकदम डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणी म्हणतं अंगात रक्त कमी आहे, कुणी म्हणतं वजन वाढलंय, आणि पाठीमागे म्हटलं जातं की कामाचा कंटाळा आहे. खरं निदान व्हायला अनेकदा दोन-दोन वर्षं जातात. तोवर घरच्यांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला असतो. तिचा स्वतःवरचाही उडायला लागलेला असतो.

हा आजार फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा. डॉक्टर त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. इकोच्या कागदावर बहुधा ‘पीएएच’ एवढंच लिहिलेलं असतं. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमधला दाब यात वाढत जातो. निरोगी माणसात हा सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो; २०च्या वर गेला की आजार समजतात. हाताला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा. तो अगदी व्यवस्थित असतानाही आतला दाब चढलेला असू शकतो, आणि म्हणूनच ‘बीपी तर बरोबर आहे’ असं सांगून रुग्णाला घरी धाडलं जातं. टू-डी इकोत संशय येतो. उजव्या हृदयात नळी घालून दाब मोजला की खात्री पटते. जगातल्या सुमारे एक टक्का लोकांना हा आजार या ना त्या रूपात आहे, असा अंदाज आहे.

आपल्याकडे त्याची कारणं ओळखीची आहेत. लहानपणी घसा दुखून आलेला सांध्यांचा ताप आणि त्यातून आकसलेली हृदयाची झडप. जन्मापासूनचं, पण वेळेत न बुजवलेलं हृदयाचं छिद्र. वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर आणि बिडी. फुप्फुसात अडकून राहिलेल्या रक्ताच्या गुठळ्या. काही जणांत मात्र कोणतंच कारण सापडत नाही, आणि या प्रकारात तरुण स्त्रियांचं प्रमाण जास्त असतं.

छत्रपती संभाजीनगर हे या सगळ्या रुग्णांचं शेवटचं स्टेशन. १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, म्हणजे आपली घाटी. तिथे जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाणा-जळगावपर्यंतची माणसं येतात. शिवाय हेडगेवार आहे, एमजीएम आहे, बजाज आहे, धूत आहे. इको करायला, गोळ्या लिहून द्यायला, ऑक्सिजन लावायला हे शहर समर्थ आहे. आज इथे एक वेगळीच गोष्ट मोडकळीला आलेली आहे आणि ती वाचवायला हवी, म्हणून हा लेख. ती गोष्ट म्हणजे या रुग्णांचा घरचा आधार. दवाखान्यातून परतल्यावर उरलेला सगळा काळ हा माणूस ज्यांच्या भरवशावर काढतो, ती माणसं.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही. युरोपातल्या हृदयरोग आणि श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ साली या आजाराच्या उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत धमन्यांच्या मूळ आजाराच्या रुग्णांना मानसिक, सामाजिक आणि भावनिक आधार द्यावा, ही शिफारस अगदी वरच्या श्रेणीत आहे. म्हणजे ‘जमलं तर करा’ या यादीत ती नाही. पण आपल्याकडे हा आधार कुणी लिहून देत नाही आणि कुठल्या खिडकीवर तो मिळतही नाही.

मन खचायला या आजारात कारणं भरपूर आहेत. दम लागला की माणूस घाबरतो, घाबरला की श्वास आणखी जोरात होतो, छाती धडधडते आणि ‘आता काही खरं नाही’ असं वाटायला लागतं. त्यातलं किती आजाराचं आणि किती भीतीचं, हे रुग्णालाही कळत नाही. रात्री झोप लागत नाही. बाहेर पडायची धास्ती वाटते. लग्नकार्य टाळलं जातं, मग शेजारणीकडे जाणंही. चिंता आणि नैराश्य या रुग्णांत इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, हे देशोदेशीच्या अभ्यासांनी दाखवलेलं आहे. आपल्याकडे त्याला ‘चिडचिडी झालीय’ म्हणतात.

त्यात भर मोबाइलची. इकोचा कागद हातात पडला की घरातला कॉलेजात जाणारा मुलगा ते नाव शोधतो आणि ‘सरासरी आयुष्य २.८ वर्षं’ हा आकडा त्याच्यासमोर येतो. मग तो आईपासून तोंड लपवत फिरतो आणि आई त्यातूनच सगळं ओळखते. हा आकडा खोटा नाही, पण जुना आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात, या आजारावर एकही खास औषध नव्हतं तेव्हा, त्याच्या एका प्रकारच्या रुग्णांच्या नोंदींतून तो निघाला होता. त्यानंतर बोसेंटान आलं, सिल्डेनाफिल आलं, टाडालाफिल आलं. गुठळ्यांच्या प्रकारात शस्त्रक्रियेनं मोठा फरक पडू शकतो. २०२४ साली अमेरिकेत एका नव्याच धाटणीच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. प्रत्येकाचा आजार वेगळा, कारण वेगळं, पुढचा रस्ताही वेगळा. एवढं सांगायला डॉक्टरांना पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मिळाली नाहीत, तर एक अख्खं घर चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्याला कवटाळून जगतं.

सिल्डेनाफिलचंच घ्या. हेच औषध १९९८ साली व्हायग्रा या नावानं बाजारात आलं आणि त्याच नावानं जगभर माहीत झालं. फुप्फुसांच्या धमन्या सैल करण्यासाठी त्याला २००५ साली मान्यता मिळाली, पण औरंगपुऱ्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर हा इतिहास कुणी सांगत नाही. मावशीच्या गोळ्या आणायला गेलेल्या भाच्याकडे दुकानातला पोरगा बघून हसतो. बायकोच्या चिठ्ठीवर ते नाव वाचून नवरा गोंधळतो. सून ती स्ट्रिप साड्यांच्या खाली लपवते. लाजेपायी एखादा डोस चुकतो, मग आठवडा चुकतो. आणि या गोळ्या एकाएकी बंद करणं धोक्याचं असतं. आणखी एक गोष्ट प्रत्येक घरानं पाठ करून ठेवावी: ही गोळी चालू असलेल्या माणसाच्या छातीत दुखलं म्हणून शेजाऱ्यानं जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा घसरू शकतो. घरात या औषधाबद्दल मोकळेपणानं बोललं गेलं, तरच हे आणीबाणीच्या वेळी कुणाला आठवेल.

आता आपल्या शहराचं पाणी. नळाला ते रोज येत नाही. कित्येक वस्त्यांत काही दिवसांआड येतं आणि आलं की अर्धी रात्र असो, भरून ठेवावंच लागतं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन. या आजाराच्या बाईला वाकून हंडा उचलणं, तो घेऊन तीन पायऱ्या चढणं झेपत नाही. तिथेच तिला भोवळ येऊ शकते. पण पाण्याच्या दिवशी घरात कुणाला उसंत नसते आणि ‘बसून काय राहिलीस’ हे शब्द त्याच दिवशी तोंडातून निघतात. म्हणून माझं पहिलं आवाहन अगदी साधं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या बिल्डिंगमध्ये असा रुग्ण असेल, तर पाण्याच्या दिवशी त्या घराचे चार हंडे तुम्ही भरून द्या. गणेश मंडळांच्या पोरांनी मनावर घेतलं तर हे काम किती वेळाचं आहे?

ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो त्यांचं दुखणं आणखी वेगळं. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन साधारण साडेतीनशे वॅट वीज खातं. दिवसाला पंधरा तास चालवलं, तर महिन्याला दीडशेहून जास्त युनिटं होतात. बिल पाहून घरात कुणी काही बोलत नाही, पण रुग्णाला कळतं. मग सगळे कामाला गेले की ती स्वतःच उठून मशीन बंद करते आणि दारात पावलं वाजली की पुन्हा चालू करते. आपण घराला भार झालो आहोत ही भावना या आजारात श्वासाइतकीच घुसमटवते. तिला ‘तू भार नाहीस’ असं नुसतं सांगून भागत नाही. बिलाचं काय करायचं ते सगळ्यांनी तिच्यासमोर बसून ठरवावं लागतं. देवघरातली समई आणि उदबत्ती मशीनपासून दूर नेणं, घरात बिडी-सिगारेट पूर्ण बंद करणं, हेही त्यातच आलं. नवऱ्यानं बिडी सोडली, तर बायकोला त्यातून जे कळतं ते बोलून सांगता येत नाही.

काही घरं याच्या उलट टोकाला जातात. निदान झालं की रुग्णाला पलंगावर बसवून ठेवतात: स्वयंपाक करू नकोस, बाहेर जाऊ नकोस, काही विचारू नकोस. पैशांचे, मुलांच्या लग्नाचे निर्णय तिला वगळून होतात. ही माया असते, पण तिच्यानं माणूस घरात असून घराबाहेर पडतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताचा व्यायाम केल्यानं या रुग्णांना फायदा होतो, हे आता मान्य झालेलं आहे. पूर्ण झोपून राहणं हा इलाज नाही. भाजी निवडणं, हिशेब ठेवणं, नातवाचा अभ्यास घेणं, बसून करायचं शिवणकाम, फोनवरून चालणारा छोटा धंदा यांतलं जे झेपेल ते तिच्याकडे राहू द्या. ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न तर कधीच बंद करू नका.

सगळ्यात कठीण विषय मुलाबाळांचा. या आजारात गरोदरपण आईच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर ते टाळायला सांगतात. बोसेंटानसारख्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला इजा होते. हे सुनेला एकटीला सांगून पाठवलं, तर घरी गेल्यावर ती कुणाकुणाला तोंड देणार? दोन वर्षांनी तिला माहेरी धाडलं जातं आणि पुढची औषधं मग म्हाताऱ्या बापाच्या मजुरीतून येतात. डॉक्टरांना विनंती आहे, हे बोलणं नवऱ्याच्या आणि सासूच्या समोर करा. सासूबाईंनाही सांगणं आहे. वंशाचा प्रश्न दत्तक घेऊनही सुटतो. गेलेली सून परत येत नाही.

पुरुषांचं दुखणं वेगळ्या वाटेनं बाहेर पडतं. वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कंपनीत उभ्यानं पाळी करणारा माणूस दम लागतो हे सुपरवायझरला सांगत नाही, कारण कंत्राटी नोकरी दुसऱ्या दिवशी जाऊ शकते. सांगितलं तर पुरावा मागतात आणि पुरावा अंगावर दिसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या जुनाट आजाराला त्यात स्वतंत्र जागा नाही. घरी आल्यावर हा माणूस रडत नाही, ताटावरून उठून जातो. त्याच्या रागाखाली भीती आहे, हे त्याच्या बायकोला कुणीतरी सांगायला हवं.

आणि त्या बायकोकडे, त्या लेकीकडे, त्या सुनेकडे कोण बघणार? नोंदवहीत रोजचं वजन तीच लिहिते, पापड-लोणचं तीच लपवून ठेवते. एसटीनं घाटीला यायचं म्हणून रुग्ण लघवीची गोळी टाळतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालणारीही तीच. रात्री श्वासाचा आवाज ऐकत तीच जागी राहते. सांभाळणारं माणूस कोसळलं की रुग्णाचा आधार त्याच दिवशी संपतो. नातेवाईकांनी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणं आता पुरे. महिन्यातला एक रविवार रुग्णापाशी तुम्ही बसा आणि तिला माहेरी, बाजारात, कुठेही जाऊ द्या.

घरांनी एवढं केलं, तरी एकेकट्या घराला हे पेलणारं नाही. तिथे समाजानं पुढे यायचं असतं, आणि हे करून दाखवल्याची उदाहरणं मराठी माणसाजवळ आहेत. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं, तेव्हा व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोलाही उपचारांत सामील करून घेण्याची रीत तिथे रुजली. पुण्यातलंच पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांच्या जोडीदारांना एकत्र बसवतं. अमेरिकेत तर याच फुप्फुसाच्या आजारासाठी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या एका घरी चार बायका स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसल्या आणि त्यातून पुढे या रुग्णांची देशव्यापी संघटना उभी राहिली. टेबल आपल्याकडेही आहेत. सतरंज्या तर त्याहून जास्त आहेत.

म्हणून या शहरातल्या प्रत्येकाकडे त्याच्या त्याच्या वाट्याचं मागणं मांडतो.

घाटीसह सगळ्या मोठ्या रुग्णालयांनी महिन्यातला एक दिवस, एक खोली आणि दोन तास या रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या आधारगटासाठी द्यावेत. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांच्याकडे या गटाची जबाबदारी असावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. ही गोष्ट गटातल्या प्रत्येक घराला समजावून सांगितली, तरी अनेकांचं ओझं हलकं होईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. महिन्याच्या गोळ्या आणि घरचा ऑक्सिजन खिशातूनच जातो. या खर्चाला योजनेत जागा मिळावी, अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांनी लावून धरावी.

डॉक्टरांनो, सहा मिनिटं चालण्याची तपासणी तुम्ही करताच. त्या वेळी रुग्णाच्या नवऱ्याला, मुलाला, सासूला व्हरांड्यात उभं करा. बोटाला लावलेल्या यंत्रावर ९४चा आकडा चालता चालता ८५च्या खाली घसरताना एकदा डोळ्यांनी पाहिला की ‘नाटकं करते’ हा शब्द त्या घरात पुन्हा उच्चारला जाणार नाही. त्याच भेटीत दोन प्रश्न विचारा: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का? उदास, हताश वाटतं का? उत्तर ‘हो’ आलं तर मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्या. तीही इकोच्या चिठ्ठीइतकीच उपचाराची चिठ्ठी आहे.

मेडिकल दुकानदारांनो, ती स्ट्रिप देताना हसू नका. तीन वेळचा हिशेब नीट समजावून द्या. कंपन्यांनो, दम लागणाऱ्या कामगाराला बसून करायचं काम द्या. मानसशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या प्रकल्पांसाठी विषय शोधत फिरू नका. या घरांत जाऊन बसा, ऐका, लिहून घ्या. मंगल कार्यालयवाल्यांनो, जिना चढू न शकणाऱ्या पाहुण्यासाठी तळमजल्यावर एक खुर्ची आणि एक ताट ठेवा.

आणि ज्यांना हा आजार आहे त्यांना. दम लागणं ही तुमची चूक नाही. आज काय झेपत नाही ते घरात स्पष्ट सांगा, आणि काय झेपतं तेही सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. घाटीची वारी असली तरी लघवीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मन फारच अंधारलं, नको ते विचार यायला लागले, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवा. तो दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.

दरवर्षी ५ मे हा दिवस जगभर या आजाराचा दिन म्हणून पाळला जातो. येत्या ५ मेला भाषणं, फलक, फुगे काही नकोत. त्या दिवशी या शहरात पहिली सतरंजी अंथरली जावी, तिच्यावर रुग्ण, त्यांच्या घरची माणसं आणि एक तरी डॉक्टर बसावा, आणि पुढच्या महिन्याची तारीख तिथेच ठरावी. जागा कुणी द्यायची, चहा कुणी करायचा, लांबच्यांना स्टँडवरून कुणी आणायचं, हे ठरवायला परवानगी लागत नाही. ज्याच्या ओळखीत असं एक जरी घर आहे, त्यानं आज संध्याकाळी त्या घरी जावं आणि एवढंच विचारावं: ‘पाणी कधी येतं तुमच्याकडे? मी येतो भरायला.’